मुंबईचा मेगाब्लॉक सोलापूरच्या अंकात पण छापा की!

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबलंय, काटछाट तुम्ही करालच, फक्त मेगाब्लॉकचं, म्हणजे दुरुस्तीसाठी रविवारी लोकल गाड्यांचं जे वेळापत्रक बिघडतं त्याचं, तेवढं ठेवा, बाकी काय कापायचं ते कापा.

मी सोलापूरचा. तुमचा पेपर आमच्याकडे पंचवीस-तीस वर्षं येतोय, आधी वडील वाचायचे आता मी. गेल्या महिन्यात माझ्या गुडघ्यासाठी परळच्या एका हॉस्पिटलात नंबर लागला म्हणून मी आणि आमच्या सौ. असे दोघं सहा दिवस मुंबईत होतो. मुक्काम डोंबिवलीला साडूंकडे. आपण इकडे "मुंबईत होतो" म्हणतो पण डोंबिवलीकर सकाळी विचारतात "आज मुंबईला जाणार का?", म्हणजे आपण मुंबईत उतरलोच नाही हे तिथं गेल्यावर कळतं.

पोरगा फोनवर म्हणत होता पप्पा गाडी बुक करा, गुडघ्याला त्रास नको. डोंबिवली ते परळ जाऊन-येऊन गाडीचा आकडा ऐकला आणि गुडघा आपोआप बरा वाटायला लागला. लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं हो! पाच रुपयात आमच्या इथं कटिंग चहा पण धड मिळत नाही. तर ठरवलं, लोकलनेच फिरायचं, लाखो लोक रोज फिरतात, आपण काय कागदाचे आहोत का.

पहिल्याच दिवशी जो गोंधळ झाला तो सांगतो, त्यात चूक सगळी माझीच.

साडूंनी सांगितलं, "परळला उतरा, बाहेर पडलात की चालत पाच-दहा मिनिटं". एवढंच. आम्ही सकाळी डोंबिवली स्टेशनवर गेलो, इंडिकेटरवर सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) लिहिलेली लोकल लागलेली, म्हटलं परळ त्याच रस्त्यावर आहे तर चढा. सौ. लेडीज डब्यात आणि मी आपला जनरलमध्ये, असं वेगळं बसायचं की नाही यावर आमचं आदल्या रात्री भांडण झालेलं, पण साडूंची सून म्हणाली मावशी तुम्ही लेडीजच पकडा, जेन्ट्समध्ये सकाळी तुम्हाला उभं पण राहता येणार नाही. गाडी थांबते किती तर वीस-तीस सेकंद. तेवढ्यात शेकडो माणसं उतरतात आणि शेकडो चढतात आणि त्यात माझा गुडघा. मी चढलो नाहीच खरं तर, मागच्यांनी मला चढवला.

आत गेल्यावर एका पोराने माझ्याकडे बघितलं, माझी पिशवी बघितली आणि बाकड्यावरच्या तिघांना म्हणाला "सरका जरा, काकांना चौथी सीट द्या". चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायचं, अर्धं अंग बाकावर आणि अर्धं हवेत. मला वाटलं किती माणुसकी आहे. आहेच, पण त्या पोराने पुढचा प्रश्न विचारला तो मला कळलाच नाही. तो म्हणाला "कुठे उतरणार?" मला वाटलं चौकशी करतोय, मी गुडघ्याची सगळी हकीगत सांगायला लागलो. त्याला फक्त माझी सीट कधी रिकामी होणार ते पाहिजे होतं. मी परळ म्हणालो तेव्हा त्याने कानातला हेडफोन काढला आणि म्हणाला, "काका ही फास्ट आहे, परळला थांबत नाही, दादरला उतरायला पाहिजे होतं". होतं म्हणजे काय तर दादर आत्ताच गेलं होतं. गाडी थांबलेली मी बघितली होती की! मी तर मनात म्हणत होतो, चला आता पुढचं परळ.

परळ स्टेशन माझ्या डोळ्यासमोरून असं सर्रकन गेलं, बोर्ड मराठीत एवढा मोठा लिहिलेला, वाचता येतोय आणि उतरता येत नाहीये. पुढचा स्टॉप एकदम भायखळा.

भायखळ्याला उतरलो आणि सौ.ला फोन लावला, म्हटलं तू कुठायस? ती म्हणाली "मी दादरला उतरले, तुम्ही दिसत नाही ते?" हिने डब्यात चढल्या चढल्या शेजारच्या बाईला विचारलं होतं परळ कधी येतं म्हणून. चार बायकांनी मिळून हिला सांगितलं की मावशी ही परळला नाही थांबत, दादरला उतरा आणि स्लो घ्या किंवा टॅक्सी करा, आणि दादर यायच्या आधी दोन मिनिटं हिला दाराजवळ नेऊन उभं पण केलं. मी मात्र शहाण्यासारखा बोर्ड वाचून चढलेलो.

भायखळ्याला बाहेर येऊन मी रिक्षा शोधत होतो. पाच मिनिटं शोधली. शेवटी एका पानवाल्याला विचारलं रिक्षा स्टँड कुठंय, तो हसायलाच लागला. मुंबईत शीव आणि माहीमच्या पुढे, म्हणजे दक्षिणेकडच्या शहरात, रिक्षा चालतच नाहीत, फक्त टॅक्सी. मला साठी उलटून गेल्यावर हे कळलं. टॅक्सी करायची तर हॉस्पिटलच्या आधीच खिसा मोकळा व्हायचा ही भीती, म्हणून परत जिना चढून पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर गेलो आणि उलटी स्लो लोकल धरली. चिंचपोकळी, करी रोड, परळ. तिसरं स्टेशन. तिकीट आमचं परळपर्यंतचंच आणि मी फिरतोय भायखळ्यात, टीसीने धरलं असतं तर कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर भाडं वेगळं, ही धाकधूक होतीच. परळला पोचलो तर सौ. बाकावर बसून शेंगा खात माझी वाट बघत होती. काही बोलली नाही. नुसती बघत होती, तेच जास्त.

मला जे सांगायचंय ते इथंच आहे. साडू चाळीस वर्षं त्या लाइनवर प्रवास करतात आणि त्यांनी मला फास्ट परळला थांबत नाही हे सांगितलं नाही, का तर त्यांना वाटलंच नाही की हे सांगावं लागतं. मुंबईकरांना हे सगळं पाठ आहे, लहानपणापासून अंगात भिनलंय, म्हणून ते कुणी कुठं लिहून ठेवत नाही. आणि आपल्याकडून तिकडे जाणारा माणूस काय कायम फिरायला जात नाही. दवाखाना, मंत्रालय, कोर्ट, परीक्षा, पोराचा इंटरव्ह्यू, असल्या कामाला जातो, टाइम दिलेला असतो, हातात फाइल असते आणि डोक्यात टेन्शन. त्याला गाडी चुकणं परवडत नाही.

आता नावांचंच घ्या. आमच्या गल्लीतल्या एकाला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडून सोलापूरला परत यायचं होतं. सिद्धेश्वर सुटते सीएसएमटीवरून आणि हा बाबा जाऊन बसला मुंबई सेंट्रलला. त्याचं पण बरोबर की हो, आपली गाडी मध्य रेल्वेची, मध्य म्हणजे सेंट्रल, मग मुंबई सेंट्रलच असणार ना? तर नाही. मुंबई सेंट्रल हे स्टेशन सेंट्रल लाइनवर नाहीच मुळी, ते वेस्टर्नवर आहे, चर्चगेट-विरारच्या लाइनला. आणि सीएसएमटीला म्हातारी माणसं अजून व्हीटीच म्हणतात, त्याच्यापेक्षा तरुण सीएसटी म्हणतात, १९९६ ला एकदा नाव बदललं, २०१७ ला त्यात महाराज आलं, त्यामुळे तीन माणसांना विचारलं तर तीन नावं ऐकू येतात आणि तिन्ही एकाच इमारतीची. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ ला प्रभादेवी झालं पण पत्ता सांगणारे अजून एल्फिन्स्टन सांगतात. तसंच परळ सेंट्रलला आणि लोअर परळ वेस्टर्नला. आणि लोकमान्य टिळक टर्मिनसला सगळे कुर्ला म्हणतात पण ते कुर्ला लोकल स्टेशन नव्हे, तिथून जवळचं लोकल स्टेशन टिळक नगर आणि ते हार्बर लाइनवर. हे माहीत नसलं की माणूस ट्रंक घेऊन कुर्ल्याच्या गर्दीत फिरत बसतो.

दादरचं तर विचारूच नका. शुक्रवारी सौ.ला दादरला खरेदी करायची होती. साडूंनी जिना कुठला, प्लॅटफॉर्म कुठला सगळं सांगितलं, कागदावर लिहून दिलं. तिथं गेलो तर नंबरच वेगळे. २०२३ च्या डिसेंबरात दादरचे प्लॅटफॉर्म नंबर बदलले, आधी वेस्टर्नचे वेगळे एकपासून आणि सेंट्रलचे परत वेगळे एकपासून होते, आता सलग केलेत, वेस्टर्न १ ते ७ आणि सेंट्रल ८ ते १४. चांगलं केलं खरं तर, बाहेरच्या माणसाला आता सोपं झालं. पण साडू जुन्या नंबरानेच चालतात, रोज जाणाऱ्याचे पाय आपोआप वळतात, तो नंबर बघतोय कशाला. तेव्हा मुंबईकर नातेवाइकाने दादरचा प्लॅटफॉर्म सांगितला की बोर्ड बघून खात्री करा एवढं मी सगळ्यांना सांगतो.

तिथून आम्ही बसने जायचं ठरवलं, एका बाईंनी सांगितलं टीटीला जा तिथून मिळेल. टीटी म्हणजे काय विचारलं तर त्यांना पण माहीत नव्हतं. मला कंडक्टरने सांगितलं, टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४ ला! साठ वर्षं झाली ट्राम जाऊन आणि लोक अजून तिच्या स्टँडचा पत्ता सांगतायत. मला हे फार आवडलं. पण विचार करा, नवख्या माणसाने त्या चौकात टीटीचा बोर्ड शोधायचा तरी कसा.

त्या बसमध्ये अजून एक गंमत. बेस्टचं, म्हणजे मुंबईच्या सिटी बसचं, कमीत कमी तिकीट आता साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे. मी दोन तिकिटं मागितली तर सौ. मधेच म्हणाली "एक फुल एक हाफ". कंडक्टरने इकडेतिकडे बघितलं, लहान पोरगं कुठं दिसेना. ही म्हणाली "मला हाफ, बायकांना अर्धं असतं की". तो हसला पण चिडला नाही, म्हणाला "मावशी ते एसटीत, ही बेस्ट आहे". मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय ना, हिला वाटलं लाल दिसली की अर्धं. पुढची पाच मिनिटं अख्खी बस आमच्याकडे बघून हसत होती आणि ही पण हसत होती, मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

आता रविवार. हाच माझ्या पत्राचा मूळ मुद्दा.

शनिवारी हॉस्पिटलचं काम नव्हतं, गुडघ्याला आराम दिला. रविवारी म्हटलं मुंबई बघू, सिद्धिविनायक करू, समुद्र बघू, हिची फार इच्छा. सकाळी आवरून, डबा घेऊन, साडेदहाच्या सुमाराला आम्ही स्टेशनवर. प्लॅटफॉर्मवर ही गर्दी! म्हटलं रविवारी कसली गर्दी? पेपरवाल्याने सांगितलं "काका आज मेगाब्लॉक आहे, माहीत नव्हतं?" आणि त्याने पेपर उघडून दाखवला, पहिल्या पानावर खाली चौकट, कुठल्या लाइनला कुठून कुठपर्यंत, किती ते किती, कुठल्या गाड्या कुठे थांबणार नाहीत, सगळं व्यवस्थित. पेपर कुठला? आपलाच! आपल्याच पेपरची मुंबई आवृत्ती!

माझ्या मोबाईलवर आपल्या सोलापूर आवृत्तीचा शनिवारचा आणि रविवारचा दोन्ही अंक होता, मी रोज सकाळी वाचतो, सवय आहे. त्यात ही चौकट नाही. मी तिथंच बाकावर बसून पानं चाळली, उसाचे भाव होते, उजनीची पातळी होती, मेगाब्लॉक नव्हता.

मेगाब्लॉकवर माझा राग नाही बरं का. रोज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गाड्या पळतात, रूळ, वायर, सिग्नल दुरुस्त करायला कधीतरी वेळ पाहिजेच, रविवार दुपार सोडून कधी करणार. तो साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतो, त्यातही सगळं बंद नसतं, फास्ट गाड्या स्लोच्या रुळावरून नेतात, काही रद्द होतात, उशीर होतो आणि त्यामुळे गर्दी होते. शिवाय रविवारी मुळातच गाड्या कमी असतात. मुंबईकर काय करतो, शनिवारी चौकट वाचतो आणि रविवारी घरात बसून मटण खातो नाहीतर सकाळी लवकर निघून जातो. आम्ही नेमके साडेदहाला. दोन गाड्या सोडल्या, गुडघ्यामुळे चढायची हिंमतच होईना, तासभर त्या बाकावर बसलो, तिसरीत कसेबसे. हे शनिवारी कळलं असतं तर आम्ही आठला निघालो असतो, एवढंच तर पाहिजे होतं.

असो. सीएसएमटीला एकदाचे पोचलो. आणि तिथून पुढचा दिवस मात्र बहारदार गेला, ते पण सांगतो नाहीतर वाटेल मी नुसता रडगाणं गातोय. सीएसएमटीवरून एनसीपीएकडे (नरिमन पॉइंटचं नाट्यगृह) ११५ नंबरची नवीन डबलडेकर जाते, एसी, बॅटरीवरची. जुन्या लाल डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात संपल्या, मी लहानपणी वडिलांबरोबर त्यात बसलो होतो. या नवीन बसमध्ये वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळाली. दोघांचे चोवीस रुपये. समोर अख्खी काच, खाली टॅक्स्या बारीक बारीक, झाडांच्या फांद्या काचेला घासतायत की काय असं वाटायचं आणि ही प्रत्येक वेळी डोकं खाली घालायची. मग शेवटी समुद्र. चोवीस रुपयात, सांगा.

आणि मग मेट्रो. ही जमिनीखालची, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झाली. तिकीट १० ते ७० रुपये, जसं अंतर तसं. सीएसएमटीच्या खालून धरली आणि सिद्धिविनायकला उतरलो, स्टेशनचं नावच सिद्धिविनायक. सौ. सरकत्या जिन्याला घाबरते, आधी देवाचं नाव घेतलं मग पाय टाकला, पण लिफ्ट पण होती आणि ती कुठं आहे हे जागोजागी लिहिलेलं. गाडीत पुढचं स्टेशन कुठलं ते दाराच्या वर दिवा लागून दिसतं. मी कुणालाच काही विचारलं नाही. वर उजेडात डोळे उघडे ठेवून चुकलो आणि खाली बोगद्यात बरोबर पोचलो, कारण खाली नवख्या माणसाला धरून लिहिलेलं आहे. पण खरं सांगू का, मेट्रोत कुणी कुणाशी बोलत नाही. सौ. म्हणाली, एसी आहे सगळं आहे पण लेडीज डब्याची मजा नाही. चार दिवसांत हिच्या तिथं मैत्रिणी झाल्या होत्या, एकीने क्लिपा कुठल्या विकणारणीकडून घ्यायच्या ते सांगितलं, एकीने सोलून ठेवलेल्या मटारची आयडिया दिली, आणि कुठल्या स्टेशनला सरकता जिना पुढच्या डब्याजवळ आहे आणि कुठं मागच्या, ही माहिती तर हिने माझ्या गुडघ्यासाठी कॅलेंडरच्या मागे लिहूनच आणलीय. हा कागद मी तुम्हाला पाठवला असता पण ती देत नाही.

भाच्याने माझ्या फोनवर मुंबई वन नावाचं ॲप टाकून दिलं, त्यात मेट्रो, लोकल, बस अशा अकरा सेवांची तिकिटं एकत्र काढता येतात म्हणे. चांगलंच आहे. पण ॲप तिकीट काढून देतं, फास्ट की स्लो, पुढचा डबा की मागचा, चारनंतर डाउनला, म्हणजे सीएसएमटीकडून परत, का जाऊ नये, हे साडूच सांगणार आणि ते पण विचारलं तरच. आणि ज्याचे साडू डोंबिवलीला नाहीत त्याने काय करायचं?

तर साहेब माझी मागणी साधी आहे. शनिवारच्या अंकात मेगाब्लॉकची चौकट छापता ती सोलापूर, लातूर, नांदेड, सांगली, सगळ्या आवृत्त्यांत छापा, चार बोटं जागा लागते. आम्ही जाहिराती तर दोन-दोन पानं बघतोच. आणि जमलं तर त्या चौकटीखाली दर आठवड्याला एकेक गोष्ट छापा, बाहेरगावच्या माणसाला माहीत नसते अशी, एका वेळी एकच. लोकलच्या डब्यावर पिवळे-लाल तिरके पट्टे म्हणजे फर्स्ट क्लास, चुकून चढलात तर दंड. हिरवे पट्टे म्हणजे लेडीज. अपंगांच्या डब्यात सर्टिफिकेट असेल तरच बसायचं (मला सौ.ने त्यातच ढकललं होतं एकदा, आतल्या माणसाने समजुतीने पुढच्या डब्यात पाठवलं). असल्या गोष्टी. लिहायला कुणी नसेल तर तुमच्या मुंबई ऑफिसातल्या शिपायाला विचारा, रोज कर्जत-कसाऱ्याहून येणारं कुणीतरी असेलच, त्याला सगळं पाठ असणार.

माझी पुढची तपासणी डॉक्टरांनी सोमवारी सकाळी ठेवलीय. म्हणजे आम्हाला रविवारी दुपारीच कल्याणला उतरून डोंबिवलीची लोकल धरावी लागणार, नेमकं ब्लॉकच्या टाइमात. तारीख पुढच्या महिन्यातली आहे, तोपर्यंत तुमच्याकडे चार शनिवार आहेत.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर

ता. क. — पत्र सौ.ने वाचलं. म्हणाली, भायखळ्याचं कशाला लिहिलं, आता सगळ्या गल्लीला कळेल. आणि क्लिपांचं लिहिलं ते चुकीचं आहे, क्लिपा नव्हत्या, चाप होते, दहाला चार.